राजा परदेशी, हिशेब चालू

रिचर्ड द लायनहार्ट हा इंग्लंडचा बहुधा सगळ्यात मिरवला गेलेला राजा. लंडनला संसदेच्या बाहेर त्याचा घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला पुतळा आहे. गंमत अशी, की ११८९ ते ११९९ या दहा वर्षांच्या कारकिर्दीत हा गृहस्थ इंग्लंडात जेमतेम सहा महिने राहिला. राज्याभिषेकाच्या वेळी चार महिने, मग ११९४ साली दोन. बाकी सगळा वेळ धर्मयुद्ध, कैद आणि फ्रान्सच्या राजाशी मारामाऱ्या. जाताना त्याने पदं, जमिनी, हक्क असं जे विकता येईल ते विकून पैसा उभा केला. गिऱ्हाईक मिळालं तर लंडनसुद्धा विकीन, असं तो म्हणाल्याचं त्याच्या काळातल्या बखरकारांनी लिहून ठेवलंय.

आणि तरी राज्य बुडालं नाही. कर वसूल होत राहिले, न्यायाधीश फिरत राहिले, दप्तर तर आधीपेक्षा वाढलं.

माझी सगळी नोकरी जिल्हा कोषागारात झाली, त्यामुळे याचं मला फारसं नवल वाटलं नाही. साहेब दौऱ्यावर असले म्हणून बिलं थांबत नाहीत. खरं सांगायचं तर जरा जास्तच निघतात. पण आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी, जिथे राजा म्हणजेच सरकार अशी समजूत होती, तिथे हे कसं जमलं? निवृत्तीनंतर या विषयावर वाचायला बसले, ती राजांच्या लढाया वाचायला. अडकले मात्र एका टेबलापाशी.

हे टेबल एक्स्चेकरचं, म्हणजे राजाच्या हिशेब कचेरीचं. रिचर्डचा पणजोबा पहिला हेन्री (११०० ते ११३५) याच्या काळात ही कचेरी उभी राहिली. तेव्हा कारभार बघणारा माणूस होता सॉल्झबरीचा बिशप रॉजर. पुढे त्याच्या पुतण्याचा मुलगा रिचर्ड फिट्झनील दुसऱ्या हेन्रीचा, म्हणजे लायनहार्टच्या वडिलांचा, खजिनदार झाला आणि त्याने या कचेरीवर चक्क एक पुस्तक लिहिलं, ‘एक्स्चेकरविषयी संवाद’. हेन्रीच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षी थेम्सकाठच्या बुरुजात खिडकीपाशी बसलो होतो, अशी त्याची सुरुवात. मग शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. कुठला कारकून कुठे बसतो, कोणाला काय द्यायचं, शाई कुठून आणायची, सगळं. कार्यालयीन कार्यपद्धतीवरचं पुस्तक इतक्या प्रेमाने लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. (या प्रामाणिक खजिनदाराचं पद त्याच्या वडिलांनी, म्हणजे ईलीच्या बिशपने, राजाला पैसे मोजून मिळवून दिलं होतं. वडील स्वतः आधी खजिनदार. घराणंच खजिन्यावर वाढलेलं.)

टेबल साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कडेला चार बोटं उंचीची पट्टी, वर ठेवलेलं खाली पडू नये म्हणून. त्यावर काळं कापड, कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. उजवीकडून पहिला रकाना पेनीचा, दुसरा शिलिंगचा, तिसरा पौंडाचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, पण टाकसाळीतून पडणारं नाणं एकच, चांदीची पेनी. शिलिंग आणि पौंड फक्त हिशेबात. आकडे रोमन, त्यात बेरीज-वजाबाकी करायला बसलं तर दिवस मावळायचा. म्हणून रकान्यांत सोंगट्यांसारखी नाणी मांडायची. वरच्या ओळीत देणं मांडलं, खालच्या ओळीत भरणा मांडला, की बाकी किती ते डोळ्यांना दिसतं. मांडणी करणारा टेबलाच्या मध्याशी बसायचा आणि सगळ्यांसमोर हात चालवायचा. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्या उमरावालाही आपली बाकी दिसायची. तिथे वाद घालायला जागा नाही.

फिट्झनील म्हणतो, हा बुद्धिबळाचा डाव आहे आणि खेळणारे दोन, खजिनदार आणि शेरीफ.

शेरीफ म्हणजे काउंटीतला, आपल्या भाषेत जिल्ह्यातला, राजाचा माणूस. काउंटीतल्या राजाच्या जमिनी, नेहमीची येणी यांचा मिळून वर्षाचा मक्ता ठरलेला असायचा. ईस्टरला त्यातला साधारण अर्धा हप्ता भरायचा आणि सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणानंतर, जातीने हजर राहून पूर्ण हिशेब द्यायचा. मक्त्यापेक्षा जास्त काढलं तर ते शेरीफचं, कमी आलं तर पदरचं भरायचं. या व्यवस्थेत रयतेचं काय होत असेल ते सांगायला नको.

ईस्टरला भरलेल्या पैशांची पावती मिळायची ती लाकडाची. हेझलच्या झाडाची एक काठी, वीतभर लांब. तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या पिकल्या दाण्याएवढी. शिलिंगची त्याहून बारीक आणि पेनीला नुसता सुरीचा काप, लाकूड न काढता. मग काठी उभी चिरायची. एक भाग भरणाऱ्याकडे, एक कचेरीत. सप्टेंबरात दोन्ही भाग जुळवून बघायचे. शेरीफने आपल्या अर्ध्यावर एक खाच वाढवली तर कचेरीतल्या अर्ध्यावर ती नाही, आणि लाकडाच्या रेषा तर कोणाला नकलता येत नाहीत. मी नोकरीत बनावट सह्यांची, खाडाखोड केलेली चलनं पाहिली आहेत. ही काठी पाहिल्यावर हात जोडावेसे वाटले.

या काठ्या १८२६ पर्यंत चालल्या, हे ऐकून माझा विश्वास बसला नव्हता. बाद झालेल्या काठ्यांचा ढीग वेस्टमिन्स्टरला पडून होता. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी कोणाला तरी त्यांची विल्हेवाट लावायची बुद्धी झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांमध्ये दोन गाड्या भरून काठ्या घातल्या, धुराडी तापली आणि संध्याकाळी ब्रिटिश संसद पेटली. आज आपण फोटोत पाहतो ती इमारत त्यानंतरची. जुनं रेकॉर्ड नष्ट करताना नियम का पाळायचे, हे नव्या कारकुनांना सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पुन्हा शेरीफकडे. पैसे नुसते मोजून घेतले जात नसत, कारण पेनी कातरलेली, झिजलेली किंवा हिणकस असायची. मग भरण्यातल्या चव्वेचाळीस शिलिंगांची नाणी ढिगातून काढायची, त्यातून वजनाने एक पौंड घ्यायचा आणि तो मुशीत वितळवायचा. हीण जळून गेलं की उरलेली चांदी तोलायची. जितकी घट आली तितका बट्टा शेरीफच्या सगळ्या भरण्यावर. मान्य नसेल तर त्याला हरकत घेता येई. मग पुन्हा वितळवायचं. शेरीफ स्वतः भट्टीपाशी उभा असायचा, आणि बाकीच्या काउंट्यांचे शेरीफही बघायला येत, असं फिट्झनील सांगतो. येणारच. पुढचा नंबर त्यांचाच.

खर्चाचंही तसंच. शेरीफ म्हणाला, राजाच्या वाड्याचं छप्पर शाकारलं, त्याचे इतके वजा करा. यावर प्रश्न एकच: राजाचा लेखी हुकूम कुठाय? हुकूम नसेल तर खर्च नामंजूर. हे वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले.

हे सगळं ज्यावर उतरवलं जायचं ते पाइप रोल. मेंढीच्या कातड्याचे लांब तुकडे एकाखाली एक शिवून पट्टी करायची, अशा पट्ट्या एकावर एक ठेवून वरच्या टोकाला टाके घालायचे आणि गुंडाळायच्या. मेंढीचंच कातडं का, तर त्यावर खरवडलं की लगेच कळतं. खजिनदाराचा लेखनिक एक प्रत लिहितो, शेजारी चॅन्सेलरचा, म्हणजे राजाचा शिक्का आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, लेखनिक शब्दाला शब्द तीच दुसरी लिहितो आणि त्या लेखनिकावर आणखी एकजण नजर ठेवून. दुसऱ्या हेन्रीने वर तिसरी प्रत सुरू केली. ती थॉमस ब्राऊनकडे. हा इंग्रज माणूस सिसिलीचा राजा रॉजर याच्या दरबारात नोकरी करून परतलेला. तिथल्या अरबी कागदांत तो ‘काइद ब्रून’ म्हणून सापडतो. सिसिलीत त्या वेळी लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत दप्तर चाले. तिथून काय काय डोक्यात घेऊन आला असेल! जुन्या कारकुनांना मात्र टेबलापाशी तो आगंतुकच वाटला असणार, कारण त्याची जागा वहिवाटीत बसत नाही हे फिट्झनील मुद्दाम नोंदवतो.

सगळ्यात जुना शिल्लक रोल ११३० सालचा. मग मधे स्टीफन राजाच्या काळातल्या यादवीमुळे मोठी फट. आणि दुसऱ्या हेन्रीच्या दुसऱ्या वर्षापासून थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत जवळजवळ सलग मालिका. म्हणूनच सफोकच्या किनाऱ्यावरच्या ऑर्फर्ड किल्ल्याला ११६५ ते ११७३ मध्ये सुमारे १,४०० पौंड लागले हे आज सांगता येतं. राजाचं वर्षाचं नेहमीचं उत्पन्न तेव्हा साधारण दहा हजारांच्या घरात. लॅटिन मला फार येत नाही, पण रोलवर दोन नोंदी सारख्या भेटतात त्या ओळखायला शिकले. एक, ‘आणि तो देणे लागतो’. दुसरी, ‘आणि तो मोकळा झाला’. पहिलीच जास्त.

आता राजा कुठे आहे बघा. दुसरा हेन्री (११५४ ते ११८९) चौतीस वर्षांपैकी एकवीस वर्षं समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या आपल्या मुलखांत, नॉर्मंडी, आंजू, अॅक्विटेन करत फिरत होता. इंग्लंडात असला तरी एका जागी नाही. त्याच्या दरबारात राहिलेल्या पीटर ऑफ ब्लॉइसने त्या मुक्कामांचं वर्णन केलंय: उद्या इथेच मुक्काम अशी दवंडी झाली की राजा पहाटेच निघणार, पहाटे निघायचं ठरलं की दुपारपर्यंत झोपणार, खेचरं लादलेली, गाड्या जुंपलेल्या, माणसं ताटकळलेली. रात्री डुकरंही राहणार नाहीत अशा खोपटासाठी दरबारी लोक हमरीतुमरीवर. असा राजा असेल तर एका जागी बसणारी कचेरी पाहिजेच. वेस्टमिन्स्टरला टेबल मांडलेलं, ठरल्या दिवशी शेरीफ हजर, राजा कुठेही असो. राजाच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने कारभार बघणारा जस्टिशियर हा अधिकारी याच घडीतला, आणि टेबलाच्या अग्रभागी त्याची जागा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही घडी बसली ती राजे घरी नव्हते म्हणून. घरी बसणाऱ्या राजाला तोंडी हुकूम पुरतो. फिरत्याला लेखी द्यावा लागतो.

हेन्री परत आला की मात्र भल्याभल्यांची धांदल. ११७० च्या मार्चमध्ये चार वर्षांनी इंग्लंडात उतरला आणि शेरीफांची चौकशीच लावली. मी नॉर्मंडीला गेल्यापासून कोणाकडून काय घेतलं, हुकमाने घेतलं की हुकमाविना, कोणी कोणाला लाच देऊन तोंड बंद केलं, असे प्रश्न गावोगाव विचारायला माणसं पाठवली. बहुतेक शेरीफ घरी गेले. त्यांच्या जागी आले त्यांत एक्स्चेकरच्या मुशीतले बरेच.

न्यायाचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. एखाद्याची जमीन दुसऱ्याने बळकावली तर त्याने राजाच्या कचेरीतून ठरल्या मसुद्याचं रिट, म्हणजे राजाच्या नावाचा लेखी हुकूम, विकत घ्यायचं. शेरीफ शेजारचे बारा जण बोलावणार. त्यांना प्रश्न अगदी मोजके, की याचा कबजा होता का आणि निवाड्याशिवाय अन्यायाने काढला का. मालकी कोणाची हा घोळ नंतर. फक्त स्वतंत्र माणसालाच हा मार्ग, जमिनीला बांधलेल्या कुळाला नाही. फी आणि दंडाच्या रकमा अर्थातच रोलवर.

या नेटक्या दप्तराची एक बाजू वाचवत नाही. लिंकनचा आरन नावाचा ज्यू सावकार ११८६ मध्ये वारला. ज्यू हे राजाची मालमत्ता समजले जात, म्हणून त्याचं सगळं राजाने घेतलं. रोकड आणि जडजवाहीर फ्रान्सकडे नेणारं जहाज इंग्लिश खाडीत बुडालं. उरले कर्जरोखे, सुमारे १५,००० पौंडांचे. ते वसूल करायला एक्स्चेकरची वेगळी शाखाच काढावी लागली, तिचं नाव ‘आरनचं एक्स्चेकर’. चार वर्षांनी, मार्च ११९० मध्ये, यॉर्कच्या किल्ल्यात आश्रय घेतलेले दीडशेच्या आसपास ज्यू मेले, काहींनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा आपल्या हाताने मरण पत्करलं. त्यानंतर जमाव थेट यॉर्क मिन्स्टर या तिथल्या मोठ्या चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे काढून जाळले. पुढाकार घेणाऱ्यांत त्याच सावकारांचे कर्जदार होते. यावर राजसत्तेने काय केलं? ११९४ मध्ये हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक रोख्याच्या दोन प्रती करायच्या आणि एक ठरावीक शहरांतल्या कुलूपबंद पेट्यांत ठेवायची. कागद जळाला तर राजाचा महसूल जळतो. माणसांबद्दल त्या हुकमात काय होतं, ते आता तुम्हीच ओळखा.

हा हुकूम ज्याच्या अमदानीतला तो ह्यूबर्ट वॉल्टर. मला विचाराल तर रिचर्डच्या जागी पुतळा याचा हवा. ११९३ पासून कँटरबरीचा आर्चबिशप आणि जस्टिशियरही. धन्याला ऑस्ट्रियाच्या ड्यूकने धरून जर्मन सम्राटाच्या हवाली केलेलं, खंडणी दीड लाख मार्क. मार्क म्हणजे हिशेबाने १६० पेनी. सुटकेपूर्वी लाखभर मार्क उभे करायचे, म्हणजे १ कोटी ६० लाख पेनींची चांदी. लोकांच्या उत्पन्नाचा आणि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा, चर्चची सोन्याचांदीची भांडी, सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाच्या मठांची वर्षाची लोकर, सगळं घेतलं. जमा झालेला ऐवज लंडनच्या सेंट पॉल्समध्ये पेट्यांत ठेवला आणि त्यावर ज्यांचे शिक्के बसले त्यांत एक ह्यूबर्टचा आणि एक लंडनच्या बिशपचा. हा बिशप म्हणजे आपला म्हातारा फिट्झनील.

ह्यूबर्टची एक गोष्ट मला फार आवडते. जमिनीच्या तडजोडी कोर्टात झाल्या की एकाच कातड्यावर दोन प्रती लिहून, मधून वाकडंतिकडं कापून दोन्ही पक्षांना देत. १५ जुलै ११९५ पासून त्याने खाली तिसरी प्रत लिहायला लावली. ती खजिन्यात ठेवायची, कायमची. पहिल्याच प्रतीवर ‘ही पहिली’ असा शेरा आहे. तडजोडीतला एक पक्ष होता ह्यूबर्टचा सख्खा भाऊ! आधी घरच्यांचं काम. आणि ११९४ मध्ये त्याच्याच हुकमाने काउंटी-काउंटीत कोरोनर नेमले गेले, संशयास्पद मृत्यूंची आणि राजाच्या येण्याची नोंद ठेवायला, शेरीफवर एक वेगळी नजर म्हणूनही. आपल्या मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोरोनर होता, आणि शेरीफ तर आजही आहे, नगरपाल या मानाच्या नावाने. नगरपालाला मुशीपाशी उभं राहावं लागत नाही, हे त्याचं भाग्य.

रिचर्डनंतर भाऊ जॉन. ह्यूबर्ट आता त्याचा चॅन्सेलर झाला आणि ११९९ पासून बाहेर जाणाऱ्या सनदा, मग पत्रं, यांच्याही नकला रोलवर ठेवायला लागले. जॉन १२०४ मध्ये नॉर्मंडी गमावून बसला आणि घरीच राहिला. हेच सगळ्यांना भोवलं. दोन पिढ्यांनी घासूनपुसून ठेवलेलं यंत्र, आणि आता मालक दिवसरात्र त्याच्यापाशी. मक्त्यावर वाढीव रकमा, लग्नाच्या परवानगीचे पैसे, राजाची मर्जी परत मिळवायचे पैसे. १२०४ च्या नाताळातली एक नोंद प्रसिद्ध आहे: ह्यू डी नेव्हिलची बायको नवऱ्याजवळ एक रात्र झोपायला मिळावं म्हणून राजाला दोनशे कोंबड्या देईल. ह्यू हा राजाच्या जंगलांचा मुख्य अधिकारी. ही दरबारी थट्टा की आणखी काही, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्यातलं पुढचं वाक्य जास्त बोलकं वाटतं: शंभर कोंबड्यांना एक जामीन आणि उरलेल्या शंभरांना खुद्द ह्यू. थट्टासुद्धा जामिनाशिवाय नोंदवली जात नाही!

१२१५ मध्ये सरदारांनी जॉनकडून मान्य करून घेतलेल्या मॅग्ना कार्टाबद्दल शाळेत ‘स्वातंत्र्याची सनद’ म्हणून वाचलं होतं. आता वाचली तर पानोपानी आमचंच खातं. मक्ते जुन्या दरानेच राहतील, वाढ नाही. जंगम मालातून कर्ज फिटत असेल तर जमीन जप्त करायची नाही. किल्लेदाराने धान्य उचललं तर रोख पैसे द्यायचे. शेरीफने परवानगीशिवाय कोणाचे घोडे, गाड्या वेठीला धरायच्या नाहीत. नेहमीचे दावे राजाच्या मागे फिरवायचे नाहीत, एका ठरल्या जागी चालवायचे. न्याय विकायचा नाही, नाकारायचा नाही, लांबवायचा नाही. कचेरी मोडा असं सरदारांनी कुठेही म्हटलेलं नाही. तिचेच नियम त्यांनी राजाला लावले.

पुढच्याच वर्षी, यादवी चालू असताना, जॉन मेला. त्याआधी आठवडाभर पूर्व किनाऱ्यावरच्या वॉश या उथळ आखाताच्या चिखलात त्याचं सामान भरतीने गिळलं होतं. निम्मं राज्य फ्रान्सच्या युवराजाच्या बाजूला. मुलगा हेन्री नऊ वर्षांचा. ग्लॉस्टरला घाईघाईने त्याला अभिषेक केला तो आईच्या दागिन्यातलं कडं डोक्यावर ठेवून. राजाचा स्वतःचा शिक्काही नाही, म्हणून हुकूम निघत ते वयोवृद्ध पालक विल्यम मार्शल याच्या शिक्क्याने. एक्स्चेकर युद्धात बंद पडलं होतं. १२१७ मध्ये तह झाला आणि वर्ष संपायच्या आत वेस्टमिन्स्टरला पुन्हा काळं कापड अंथरलं गेलं. मग शेरीफांना बोलावून जॉनच्या काळातली मागची बाकी विचारायला सुरुवात झाली.